सतरंजीचं दुसरं टोक

सात फेब्रुवारी, शनिवार. सकाळी गच्चीवर सतरंजी धुवायला काढली होती. निळ्या-तांबड्या पट्ट्यांची, तीसेक बाया दाटीवाटीनं बसतील एवढी मोठी. भिजली की ती एकटीला उचलवत नाही, म्हणून अर्धी अर्धी धुवायची, ब्रशनं घासायची आणि कठड्यावर टाकून निथळू द्यायची, अशी माझी पद्धत. दुसऱ्या दिवशी तेल्हाऱ्याजवळच्या एका गावात आमचा पंपाच्या स्टार्टरचा वर्ग होता आणि मागच्या वर्गात कोणाच्या तरी लेकरानं तिच्यावर चहा सांडून ठेवला होता. अर्धी घासून झाली तेवढ्यात फोन वाजला. अकोल्याहून माई, म्हणजे नलिनीताईंच्या थोरल्या बहीण. माईंनी मला याआधी कधी फोन केलेला नव्हता. "सुनंदा, नली गेली," त्या म्हणाल्या. "पहाटे, झोपेतच. दुपारून नेतीन. येतं तं ये." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. मी उरलेली अर्धी सतरंजी घासून घेतली. साबण तसाच राहिला असता तर ती कडक झाली असती आणि कोणाच्याच बसायच्या कामाची उरली नसती.

नलिनीताई गावंडे यांनी नोकरीची सगळी वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत विज्ञान शिकवलं, त्यातली बरीचशी तिवसा तालुक्यात. निवृत्त झाल्यावर बाकीच्या बाया तीर्थयात्रेला जातात. ताईंनी अमरावतीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि बाहेर खडूनं लिहिलं, 'आपलं विद्यापीठ'. प्रवेशपरीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. ज्याला जे येतं त्यानं ते शिकवावं, ज्याला हवं त्यानं येऊन बसावं. नियम एकच, की जो शिकेल त्यानं कधीतरी एकदा शिकवायचं. मोर्शीकडच्या एका सुनेनं संत्र्याची प्रतवारी शिकवली, एका निवृत्त कंडक्टरनं तोंडी हिशेब शिकवले, बाजारातल्या एका फुलवालीनं हार गुंफायला शिकवले. त्या हारांच्या वर्गात ताई स्वतः विद्यार्थिनी होत्या आणि अतिशय वाईट विद्यार्थिनी होत्या. त्यांचा हार हातात धरून फुलवाली म्हणाली होती, "बाई, हा देवाले नका घालू. रुसन तो." ताई इतक्या हसल्या की तो हार पुढे आठ दिवस त्यांनी दाराच्या खिळ्याला टांगून ठेवला होता.

गावातल्या एका मोठ्या प्राध्यापकांनी कुठल्याशा सभेत, ताई समोर बसलेल्या असताना, या उपक्रमाला 'सतरंजी विद्यापीठ' म्हटलं. सभागृह हसलं. आमच्याकडे खरंच तेव्हा एका सतरंजीपलीकडे काही नव्हतं. ताईंनी दुसऱ्या दिवशी दारावरचं 'आपलं' पुसलं आणि तिथे 'सतरंजी' लिहिलं. मी म्हटलं, "ताई, लोक हसतील." त्या म्हणाल्या, "हसू दे ना. नाव तं ध्यानात राहते." आणि राहिलंच. पुढे खेड्यांतून फोन यायचे तेव्हा बाया सरळ विचारायच्या, "सतरंजीवाल्या बाई हायेत का?"

सतरंजीचा एक रिवाज ताईंनी पहिल्यापासून घालून दिला होता. ती अंथरायची शिकवणाऱ्यानं, आणि वर्ग संपल्यावर तिची घडी घालायची शिकवणाऱ्यानं आणि त्या दिवशी नव्यानं आलेल्या माणसानं मिळून. एवढी मोठी सतरंजी एकट्याला घडी करता येतच नाही. दोन टोकांना दोघं उभे राहतात, एकमेकांकडे चालत येतात, टोकं जुळवतात. बुजरी बाई वर्गभर गप्प बसलेली असली तरी या वेळी तिला "इकडून धरू का?" एवढं तरी विचारावंच लागतं. ताई म्हणायच्या, "घडी घालेपर्यंत वर्ग संपला नाई समजायचं."

मी त्यांच्या हाती कशी लागले ते सांगते. आमचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. सासरे शिकवून गेले, आता मी आणि हे मिळून चालवतो. जळालेल्या पंपाच्या मोटारी, मिक्सर, कूलर असं सगळं येतं. ताई त्यांचा मिक्सर घेऊन आल्या आणि दुरुस्त होईस्तोवर बसायचं सोडून माझ्या खांद्यावरून वाकून पाहत उभ्या राहिल्या. मला गिऱ्हाइकानं डोक्यावर उभं राहिलेलं आवडत नाही. तसं सांगितलंही. त्या म्हणाल्या, "मी गिऱ्हाईक म्हून नाई पाहून राहिली. मी शिकून राहिली." मिक्सर घेऊन जाताना त्यांनी विचारलं, तुझ्याकडे पंपाच्या मोटारी कोण आणतं? मी म्हटलं, माणसं. आणि वावरात मोटर बंद पडते तेव्हा तिथे कोण असतं? मी म्हटलं, बाया. त्यांनी पिशवी उचलली आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी पायरीवर बसलेल्या होत्या.

तसा आमचा स्टार्टरचा वर्ग सुरू झाला. आमच्या भागात विहिरीवर किंवा बोअरवर पंप असतो आणि त्याच्याशेजारी भिंतीवर किंवा खांबाला एक लोखंडी डबा, तोच स्टार्टर. हिरवं बटण दाबलं की मोटर चालू, लाल दाबलं की बंद. ओलित करायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, बाई वावरात असते, पण डब्यात काही बिघडलं की ती नवऱ्याची, दिराची, नाहीतर गावातल्या मिस्त्रीची वाट पाहत बसते. तोवर लाइट निघून जाते आणि गहू कोरडा राहतो. बिघाड पुष्कळदा अगदी साधा असतो. फ्यूज उडालेला, जास्त भार आला की मोटर बंद करणारा रिले पडलेला, आत पाल शिरून मेलेली.

पहिला वर्ग तिवस्याजवळच्या एका वावरात ठरला. दोघींनी गावात फिरून सांगितलं, ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर पुकारून घेतलं. बाया आल्या, आमची गंमत पाहायला चार-दोन माणसंही येऊन बांधावर उभी राहिली. मी सतरंजी अंथरली, अवजारं मांडली, ताईंनी प्रस्तावना केली आणि मोठ्या थाटात एका बाईला हिरवं बटण दाबायला सांगितलं. काहीच झालं नाही. शेतीची थ्री फेज लाइट काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री, आणि हे वेळापत्रक बदलत राहतं. आम्ही वर्ग ठरवला तेव्हा लाइट दिवसा होती. मध्ये पाळी फिरली आणि ते बघायचं आम्हा दोघींनाही सुचलं नाही. अमरावती शहरात राहणाऱ्या एक शिक्षिका आणि एक मोटारवाली, दोघींच्या घरी दिवसभर लाइट. बांधावरचा एकजण म्हणाला, "विद्यापीठाले लाइटचा टाइम माहीत नाई काय वो?" बायाही तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मी अवजारं पिशवीत भरायला घेतली.

ताईंनी माझा हात धरला. मग बायांकडे वळून म्हणाल्या, "बरं झालं. लाइट नाई म्हंजे भेव नाई. आता सगळ्या जणी या इकडं आन या डब्यात हात घाला." मी आधी मेन बंद केला, फ्यूज काढून ताईंच्या हातात दिले, टेस्टर लावून दाखवला. लाइट नसली तरी ती कधीही येऊ शकते, म्हणून ही शिस्त. मग डबा उघडला. कोणी पुढे येईना. शेवटी कौसाबाई नावाची एक म्हातारी उठली, पदर खोचला आणि दोन्ही हात डब्यात घातले. कॉइल, पट्ट्या, रिले, सगळं बोटांनी चाचपून पाहिलं, एखाद्या लेकराचं डोकं चाचपावं तसं. म्हणाली, "लगीन होऊन आली तवापासून हा डब्बा पाहून राहिली मी. हात नको लावू, मरशीन... हेच आयकलं. आत तं काईच नाई." बांधावरचा मघाचा माणूस बोलला, "माय, तो हात काढ." कौसाबाईंनी मागे न पाहता विचारलं, "काहून? तुले काई लागते काय आतलं?" त्यानंतर बांधावर कोणी हसलं नाही.

त्या दिवसापासून आमचा पहिला वर्ग नेहमी लाइट नसतानाच होतो. आधी हाताची ओळख, मग लाइटची, असं ताई म्हणायच्या. लोकांना वाटतं ही काहीतरी विचारपूर्वक ठरवलेली पद्धत आहे. बाहेरगावचे पाहुणे तर वहीत लिहून घ्यायचे. ताई त्यांना खरं ते सांगून टाकायच्या, की आम्ही टाइम पाहायला विसरलो होतो.

शिकवण्याची त्यांची एकच गोष्ट मला बरेच दिवस कळली नाही. वर्गात कोणी प्रश्न विचारला की ताई पाण्याची बाटली उचलायच्या. पितळेची, पोचे आलेली बाटली होती. सावकाश झाकण उघडायचं, एक घोट घ्यायचा, झाकण लावायचं. मला वाटायचं यांना साखरेचा त्रास असावा, घसा कोरडा पडत असावा. एकदा बसमध्ये मी स्पष्टच म्हटलं, "ताई, एकदा तपासून घ्या. इतकं पाणी बरं नाही." त्या खिडकीकडे तोंड करून हसत राहिल्या. मग म्हणाल्या, "पाणी कुठं पिऊन राहिली मी? त्याईले जागा देऊन राहिली. मले उत्तर माहीत असते ना, म्हून तोंड बंद ठेवाले काईतरी पाह्यजे." त्यानंतर मी लक्ष देऊन पाहिलं. दहा वेळांपैकी निदान सात-आठ वेळा त्यांचं झाकण लागायच्या आत सतरंजीवरूनच कोणीतरी उत्तर द्यायचं. चुकीचं असलं तर दुसरी कोणी खोडायची. ताई फक्त मान हलवायच्या.

कामाची वाटणी आमची ठरून गेली होती. गावांशी बोलणं, बसची वेळ पाहणं, अवजारं, सतरंजी आणि डब्यातलं काम माझं. बोलणं त्यांचं. मला ते बरं पडत होतं. दुकानात मी दिवसभर बोलते, पण पन्नास डोळे एकदम माझ्याकडे लागले की माझे हात चालतात आणि जीभ बसते. ताईंना हे मान्य नव्हतं. नियमाप्रमाणे माझ्याकडे एक वर्ग बाकी आहे, हे त्या मला वर्षानुवर्षं ऐकवत राहिल्या. मी म्हणायची, स्टार्टर मीच उघडते ना, तेच माझं शिकवणं. त्या म्हणायच्या, "ते तुह्ये हात शिकवतात. तू कवा शिकवशीन?"

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाचं दुखणं निघालं आणि त्या अकोल्याला माईंकडे राहायला गेल्या. माई त्यांच्यापेक्षा वयानं बऱ्याच मोठ्या, मुलाच्या संसारात राहणाऱ्या, बोलायला फटकळ. बहिणीच्या विद्यापीठावर त्यांचा कायमचा राग. "पेन्शन खाऊन गप बसाचं सोडून गावोगाव हिंडते, लोकाइच्या मोटारी पाहाले," असं माझ्यासमोरच म्हणायच्या. ताई अकोल्यात गेल्यावर वर्ग थांबतील अशी माईंना आशा होती. झालं उलट, आमची गाडी अकोला जिल्ह्यातही फिरायला लागली. ताई खुर्चीवर बसून बोलायच्या, मध्ये दम लागला की बाटली उचलायच्या, आणि बायांना ते नेहमीचंच वाटायचं. मला माहीत होतं की आता कधीकधी त्या खरंच दम घेत असत.

गुरुवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला होता. रविवारच्या वर्गाचं सगळं विचारलं. लता, म्हणजे जिच्या वावरात वर्ग होणार ती, बायांना जमवते आहे ना, लाइट दिवसा नाही ना. मग म्हणाल्या, "या वक्ती तू बोलशीन. मी मांगं बसतो." मी म्हटलं, मला बोलता येत नाही, तुम्हाला माहीत आहे. "दुकानात गिऱ्हाइकाले शिव्या देता येतात ना? मंग बोलता येते." मी म्हटलं, बघू. "पाहू-बिहू काई नाई. तू बोल. मी पाणी पीत बसन." आमचं शेवटचं बोलणं ते.

शनिवारी सकाळी, फोन ठेवल्यावर, सतरंजी निथळून उचलण्याजोगी झाली तशी मी ती गुंडाळून पोत्यात घातली आणि अवजारांची पिशवीही घेतली. अकोल्याला जायचं म्हणजे हे दोन डाग बरोबर असायचे, इतकंच. दुसऱ्या दिवशीच्या वर्गाचं काही ठरवलं नव्हतं. खरं सांगायचं तर तो होणार नाही असंच धरून चालले होते. यांनी पोतं पाहिलं आणि स्टँडवर सोडायला आले. बसमध्ये लताचा फोन आला. तिला कळलं होतं. ती रडत होती आणि रडता रडता विचारत होती, "उद्याचं काय करू वो ताई? बायाइले नाई म्हनू काय? काईजनी बाहेरगावाहून येनार हायेत." मी म्हटलं, "थांब. सांगते."

माईंच्या घरी अंगणात माणसं उभी होती आणि आतल्या खोलीत बाया गार फरशीवर अंग चोरून बसल्या होत्या. मंडपवाल्याला सांगितलं होतं, तो आला नव्हता. मी अंगणातल्या दोरीवर सतरंजी टाकली, ऊन चांगलं होतं, आणि घंटाभरात ती बऱ्यापैकी वाळली. आत नेऊन अंथरली. ताईंच्या शेजारच्या बाया, जुन्या विद्यार्थिनी, नात्यातल्या सुना, सगळ्या तिच्यावर बसल्या. माई शेवटी आल्या आणि नेमक्या एका कोपऱ्यात टेकल्या, जो अजून ओला होता. "ओली हाये व," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "सकाळी धूत होते." त्यांनी हातानं पट्ट्या चाचपल्या. त्यांना कळलं ती कुठली सतरंजी आहे. त्या ओल्या जागेवरून उठल्या नाहीत.

दुपारी ताईंना नेलं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, सगळीकडे होतं तसंच झालं. मात्र घाटावरून परत आलेल्या माणसांकडून कळलं की तिथे कोणी तरी शोकसभेची गोष्ट काढली. अमरावतीत मोठं सभागृह घ्यावं, ताईंचा फोटो लावावा, पुढच्या वर्गांचं नंतर सावकाश बघता येईल. हे म्हणणारे भले लोक होते, ताईंवर प्रेम करणारे. पण मला ते 'सावकाश' खटकलं. आमच्या दुकानात सावकाश म्हणून बाजूला ठेवलेल्या मोटारीचं काय होतं ते मला माहीत आहे. तिच्यावर धूळ बसते, मग दुसरी वस्तू बसते, मग एक दिवस ती भंगारात जाते. तेल्हाऱ्याचा वर्ग एकदा चुकला की पुढे गव्हाची कापणी, मग लग्नसराई, मग पेरण्या. बाया पुन्हा जमणार नाहीत.

संध्याकाळी मी लताला फोन केला आणि वर्ग होणार म्हणून सांगितलं. माई पलीकडच्या खाटेवर पडल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. "कोन शिकवनार?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मीच." त्या उठून बसल्या. "तुले समजते का, लोक काय म्हनतीन? तिची राख थंडी नाई झाली आन सुतकातली सतरंजी घेऊन चालली वर्गाले." मी म्हटलं, "माई, सुतक तुम्हाला आहे. मला नाही. सतरंजीला तर नाहीच." यावर त्या कुशीवर वळल्या. मला वाटलं दुखावल्या. मी काही समजूत घातली नाही, ते मला जमत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, अजून घरातली माणसं उठायची होती, मी सतरंजी काढायला गेले. एकटीनं एक टोक पायाखाली धरून दुसरं ओढत होते आणि ती वाकडी होत होती. मागून माई आल्या. डोळे सुजलेले, पदर डोक्यावर. "धर तिकडून," त्या म्हणाल्या. "एकटीनं घडी होते काय तिची?" आम्ही दोन टोकांना उभ्या राहिलो, एकमेकींकडे चालत आलो, टोकं जुळवली. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. त्यांनी कड नीट करून हातानं दाबली. "नली रोज सांगे मले, एकडाव येऊन तं बस म्हने वर्गात," त्या म्हणाल्या. "आता घडीचंच काम आलं मह्या वाट्याले." मग आत जाऊन त्यांनी पितळेची बाटली आणली, भरलेली, आणि पिशवीत ठेवली. आकोटवरून बस होती. मी निघाले.

लताच्या वावरात हरभरा घाट्यांवर आला होता. मी सतरंजी अंथरली, मेन बंद केला, फ्यूज काढून लताच्या हातात दिले, डबा उघडला. बाया बसल्या होत्या आणि माझ्याकडे पाहत होत्या. मी नाव सांगितलं, दुकानाचं सांगितलं, नलिनीताई काल गेल्या हे सांगितलं आणि त्यांना डब्यात हात घालायला बोलावलं. जीभ अडखळत होती, पण चालत होती. मग मागच्या रांगेतली एक बाई म्हणाली, "ताई, आमची मोटर नुसती गुरगुरते. फिरत नाई. काहून?"

उत्तर मला माहीत होतं. तोंडाशी आलं होतं. मी बाटली उचलली, झाकण उघडलं, एक घोट घेतला. पाणी माईंच्या माठातलं होतं, गार. बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. तेवढ्यात पुढे बसलेली एक तरुण मुलगी हळूच म्हणाली, "एक फेज गेला असन. आमच्या घरी असंच झालतं. फ्यूज उडला व्हता एक." शेजारची म्हणाली, "कोनता फ्यूज? दाखव." ती मुलगी उठून डब्याकडे आली.

मी बाटलीचं झाकण लावलं आणि बाजूला सरकून तिला जागा दिली.